बाबांच्या ४८६ची (नव्वदच्या दशकातला जुना पीसी) हार्ड डिस्क चालू झाली!

आज दिवसभर माळ्यावरच्या ४८६ला चिकटून होतो. चालू केला की हार्ड डिस्क फेल्युअर, पण कान लावला तर डिस्क मस्त फिरतेय, म्हणजे जीव आहे ना तिच्यात! मदरबोर्डवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून हिरवी पावडर जमलेली, म्हणून बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) डिस्कच्या माहितीसकट सगळं विसरला. या बॅटऱ्या बोर्डाचे ट्रॅक खातात, जुना पीसी असेल तर आधी ती काढाच राव. व्हिनेगरने पुसलं, पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) नवी बॅटरी आणून लावली, मग डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड, सेक्टर (डिस्कची मांडणी सांगणारे आकडे) बायोसमध्ये हाताने टाकले आणि आला की सी प्रॉम्प्ट, म्हणजे डिस्कवरून पीसी सुरू झाला! बाबांची १९९५ची पत्रं जशीच्या तशी आहेत. आता आधी बॅकअप, बाकी सगळं नंतर.