कडक भाकरी किती द्यायची?

मुलीला पुण्यात ॲडमिशन मिळाली की सोलापूरच्या ओळखीतल्या आया मला फोन करतात. मेस कुठली, रूम कुठे, हे विचारून झालं की आवाज जरा खाली येतो. ‘तू पहिल्यांदा गेलीस तेव्हा करमलं का गं तुला? कसं केलंस?’ परवा पुन्हा एका काकूंनी विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नाही करमलं. आणि मी जे केलं ते चुकीचं केलं.

२००७ साली मी नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहायला आले. एका खोलीत चौघी, प्रत्येकीला एक कॉट आणि कपाटाचा एक कप्पा. पुणे-सोलापूर अंतर अडीचशे किलोमीटर आणि हुतात्मा एक्सप्रेस चार तासांत पोचवणारी. म्हणून पहिले दोन महिने मी दर शनिवारी संध्याकाळी गाडीत. येताना सोमवारी पहाटेची हुतात्मा, म्हणजे पहिलं लेक्चर बुडालेलंच. आई म्हणायची, ‘ये की, तेवढंच बरं वाटतं.’ वाटायचं नाही. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा यायचा, आणि निघतानाचं रडणं दर आठवड्याला नव्यानं. एकदा रडून मोकळं व्हायचं ते मी हप्त्यानं फेडत होते.

पैसे आणि सबमिशन या दोन कारणांनी ते थांबलं, शहाणपणानं नाही. आणि मग माझी रविवार संध्याकाळशी गाठ पडली.

पुण्यातल्या मेसचं गणित ठाऊक नसेल तर सांगते: रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी कुलूप. दुपारचं गोडाधोडाचं जेवून सगळ्या झोपतात, सहाला जाग येते तेव्हा उजेड जात असतो आणि रात्री खायचं काय हे कुणालाच माहीत नसतं. घरची आठवण दिवसभर येत नाही हो. कॉलेजात, बसमध्ये, बादलीसाठी नंबर लावताना ती कुठे असते? तिची एक वेळ ठरलेली असते. माझी ही होती. माझ्या एका मैत्रिणीची मात्र सकाळची, चहाची.

त्या पहिल्या रविवारी मी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुडाळची रूम पार्टनर माझा डबा उघडून म्हणाली, ‘हे पापड तळायचे की भाजायचे?’ आमच्याकडची वाळवून टिकवलेली कडक भाकरी होती ती! मी रडता रडता उठले. भाकरी चुरली, वर दही, शेंगाचटणी, कच्चं तेल, कांदा. नांदेडची म्हणाली आमच्याकडे चटणी अशी नसते, आणि तिनं सगळ्यांत जास्त खाल्ली. माझ्या सोलापुरी ‘काय करायलीस’ला कॉलेजात हसायचे, त्या खोलीत मात्र महिनाभरात चौघींच्याही तोंडी ‘करायलीस’ बसलं. पुढच्या रविवारी कुडाळच्या घरचं कुळीथ पीठ निघालं. पिठलं बिघडलं, तरी संपलं.

याचा अर्थ पुढे कधी रडले नाही असं नाही. जानेवारीत परीक्षा होती, म्हणून गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, जाता आलं नाही. अक्षता सोहळ्याच्या दिवशी बाबांनी मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, नंदीध्वज, दिसताच फोन उंच धरला. त्या गोंगाटातून ‘हर्र बोला हर्र’ एवढंच कळलं. बाबांना वाटलं मला बरं वाटेल. मी जिन्यात बसून अर्धा तास रडले, आणि त्यांना सांगितलं, मस्त ऐकू आलं.

तर काकू, पहिले सहा आठवडे तिला बोलावू नका, तुम्हीही जाऊ नका. रोज फोन करा, पण ‘जेवलीस का’ने सुरुवात करू नका, त्या प्रश्नावर मी हमखास रडायचे. तिची वाईट वेळ कुठली ते हळूच काढून घ्या आणि नेमका तेव्हा फोन करू नका. तेव्हा तिला खोलीतल्या कुणाशी तरी बोलू द्या.

आणि कडक भाकऱ्या पंचवीस तरी द्या. दहाच दिल्यात तर एकटीच पुरवून पुरवून खाईल.