उदबत्तीचा वास आईला आला, मला नाही

एप्रिल २०२१. पुण्यात कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि आमच्या वन बीएचकेत मी पॉझिटिव्ह निघाले. आई ६८ वर्षांची, मधुमेह, लशीचा एकच डोस झालेला. मी बेडरूममध्ये, ती हॉलमध्ये. ताप यायच्या आदल्या रात्री आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो होतो. लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच माणूस विषाणू पसरवू शकतो, हे वाचलं आणि पोटात गोळाच आला.

वर्षभर आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, पेपर बंद केला. खिडक्या मात्र डासांपायी संध्याकाळी पाचलाच बंद!

चौथ्या दिवशी माझा वास गेला. आईने चहासोबत दाराबाहेर उदबत्ती ठेवली. "लावून बघ गं, येतोय का." (खोकणाऱ्या माणसाच्या खोलीत धूर करणं हा शहाणपणा नव्हेच.) नाकाशी धरली तरी ढिम्म. पाचेक मिनिटांनी हॉलमधून आईच ओरडली, "अगं, चंदनाचा वास इथवर आला की!"

दार तर बंद होतं. खाली बोटभर फट, आणि धुराची रेघ नेमकी त्या फटीकडे वाकलेली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू होता. तो माझ्या खोलीतली हवा आईच्या अंगावरून ओढून नेत होता. श्वासातले बारीक कणही असेच हवेत तरंगतात.

एक्झॉस्ट बंद केला. हॉलच्या खिडक्या सताड उघडल्या. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली आणि टेबलफॅन माझ्या खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवला. पुन्हा उदबत्ती लावली, तर धूर सरळ खिडकीबाहेर. संडास-बाथरूम एकच, म्हणून मी मास्क लावूनच जायचे आणि नंतर अर्धा तास तिथला पंखा चालू. आई घरात एन-९५ लावून, चष्म्यावर वाफ येते म्हणून दिवसभर कुरकुरत.

माझा ऑक्सिजन ९५च्या खाली गेला नाही. आईची टेस्ट दोनदा निगेटिव्ह आली. पंख्यामुळे, त्या एका डोसामुळे की नशिबाने, सांगता येत नाही.

दहा दिवस झाले, त्यातले शेवटचे तीन बिनतापाचे, तेव्हा बाहेर आले. ती चादर आईने दोन दिवस डेटॉलच्या पाण्यात भिजत घातली. मी काही बोलले नाही.