कुत्र्याला तिथे काम काय?

अमेरिकेत राहणारा माझा भाचा डिस्क गोल्फ नावाचा खेळ खेळतो आणि त्याच्या घरी लाडू नावाचा एक लॅब्रॅडॉर आहे. या दोन गोष्टी एकत्र आणाव्यात की नाहीत, असा त्याच्यापुढे प्रश्न आहे, कारण त्याच्या मैदानावर येणाऱ्यांत यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाला कुत्र्याशिवाय सकाळ अपुरी वाटते, तर दुसऱ्याच्या मते कुत्रा आला की खेळ संपला. मी जळगावात बसून यावर निवाडा द्यावा अशी त्याची अपेक्षा नव्हती, फोनवर बोलता बोलता त्याने विषय काढला इतकेच. पण कुत्रे आणि मोकळे मैदान हा आम्हा खानदेशी लोकांच्या रोजच्या पाहण्यातला विषय आहे, आणि न विचारता मत देण्याचा अधिकार मावशीकडे जन्मतःच असतो.

खेळ समजायला सोपा आहे. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत भोकापर्यंत नेतात, इथे प्लॅस्टिकची तबकडी हाताने फेकत एका खांबावरच्या टोपलीपर्यंत न्यायची असते. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. अनेक ठिकाणी अशा अठरा टोपल्या झाडाझुडपांतून मांडलेल्या असतात आणि कमीत कमी फेकींत जो त्या पुऱ्या करील तो जिंकतो. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी याचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. तिथे सुरुवातीला नुसते खांबच होते, साखळ्यांची टोपली त्यांनी मागाहून शोधून काढली. हे गृहस्थ २००२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा काही तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. तापीत अस्थी सोडणाऱ्या आम्हा लोकांना हे जरा विचित्र वाटते, पण खेळाचे वेड म्हणजे काय ते यावरून कळते.

कुत्र्याच्या वादाचे मूळ मात्र त्या मैदानाच्याही एक वर्ष आधीच्या घटनेत असावे, असे मला वाटते. ५ ऑगस्ट १९७४ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना चालू असताना एक तरुण ॲशले नावाच्या आपल्या व्हिपेट जातीच्या कुत्र्याला घेऊन थेट मैदानात उतरला आणि त्याच्यासाठी तबकड्या फेकू लागला. कुत्र्याने हवेत झेपा घेत त्या अशा काही झेलल्या की सामना थांबला, प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले आणि दूरदर्शनवर सामन्याचे वर्णन करणारे कुत्र्याचे वर्णन करू लागले. मालकाला अर्थातच पोलिसांनी धरले. पुढे तबकडी झेलणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि तबकडी व कुत्रा ही जोडी तिकडे घरोघर रूढ झाली. आणि नेमक्या त्याच परिसरात, पुढच्याच वर्षी, माणसांनी त्याच तबकडीच्या अशा एका खेळाचे कायमचे मैदान आखले की ज्यात कुत्र्याने गप्प बसून पाहत राहायचे असते! त्यातही लॅब्रॅडॉर ही तर पडलेली वस्तू तोंडात धरून मालकाकडे आणण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली जात. सहा दिवस अंगणात तबकडी झेलल्याबद्दल ज्याचे कौतुक झाले, त्याला सातव्या दिवशी तीच गोष्ट केल्याबद्दल दटावणे हा मला माणसाच्या बाजूने झालेला करारभंग वाटतो.

हे सगळे मी प्रत्यक्षही पाहिले आहे. भाचा दिवाळीत आला तेव्हा तबकड्यांची पिशवी सोबत होती, आणि यावल तालुक्यातल्या माझ्या भावाच्या मळ्यात, उडीद काढून रिकाम्या झालेल्या शेताच्या बांधावर, लिंबाच्या फांदीला केळीचा एक रिकामा क्रेट टांगून त्याने सर्वांना खेळ दाखवला. सालदार बराच वेळ कमरेवर हात ठेवून पाहत होता आणि शेवटी त्याने "हाई काय शे भो?" असे विचारले, ज्याचे समाधानकारक उत्तर भाच्याला देता आले नाही. मळ्यावरचा मोत्या, जो अस्सल गावठी आहे, दोन फेकींमागे धावला, यातून खायला काही मिळत नाही एवढे त्याने ताडले आणि तो मोटारीच्या खोलीच्या सावलीत जाऊन आडवा झाला. त्याच वेळी भावाच्या मित्राने फैजपुराहून गाडीत घालून आणलेला टायसन नावाचा लॅब्रॅडॉर मात्र पेटला होता. त्याने पहिलीच तबकडी जमिनीला टेकण्याआधी उचलली आणि ती तोंडात धरून तो केळीच्या बागेत शिरला. ठिबकच्या नळ्या ओलांडत आम्ही सर्वजण त्याच्या मागे, आणि यालाच खेळ म्हणतात अशी त्याची खात्री पटलेली.

तबकडी परत मिळाली ती ओली होती आणि तिच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. मी त्या कडेवरून बोट फिरवून पाहिले. जिथे दात रुतला होता तिथे खळगा, आणि खळग्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची बारीक टोके वर आलेली. भाचा ती टोके अंगठ्याच्या नखाने दाबून बसवत होता आणि काही बोलत नव्हता. लांब फेकीची तबकडी याच कडेला बोटे अडकवून फेकतात, त्यामुळे कड खरबरीत झाली की बोटाला ओरखडा बसतो आणि तबकडीचे उडणेही बदलते. तिकडे अशी एक तबकडी दहा ते वीस डॉलरला पडते. स्वतःच्या कुत्र्याने स्वतःची तबकडी चावली तर तो घरचा मामला आहे. परक्याची चावली तर काय करायचे, हे अठरा टोपल्यांच्या वाटेवर कोण ठरवणार? नियम एवढेच सांगतो की थांबलेली तबकडी कोणी हलवली तर ती मूळ जागी ठेवायची, पण मूळ जागा नक्की कुठली यावर चार माणसांचे एकमत होणे कठीण. आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कुत्र्याने चेंडू नेला की दोन धावा, असा करार मुलांनी आधीच केलेला असतो, आणि तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

इथवर गमतीचा भाग झाला. लांब फेकीच्या तबकडीचे वजन साधारण पावणेदोनशे ग्रॅम असते, तिची कड ताटाच्या कडेइतकीच निमुळती असते आणि कसलेले खेळाडू ती ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने सोडतात. ती भलतीकडे निघाली की खेळाडू मोठ्याने ओरडून इशारा देतात आणि माणसे डोक्यावर हात घेऊन खाली वाकतात. कुत्रा काय करतो? जो ओरडला त्याच्याकडे मान वळवून पाहतो, किंवा आपल्यालाच बोलावले असे समजून त्या दिशेने धावतो. माणसाच्या सावधगिरीची सगळी व्यवस्था कुत्र्याच्या बाबतीत बरोबर उलटी चालते, आणि कुत्र्याला मैदानावर आणू नये म्हणणाऱ्यांपैकी जे खरोखर कुत्र्यावर प्रेम करतात, त्यांचा भर याच मुद्द्यावर असायला हवा.

दुसरा मुद्दा सांगायला संकोच वाटतो, पण तो टाळता येत नाही. तबकडी गवतातून घसरत जाऊन थांबते आणि ज्या हाताने पुढची फेक करायची त्याच हाताने ती उचलावी लागते. गोल्फमध्ये निदान काठी मध्ये असते. तिकडचे लोक खिशात पिशव्या घेऊन फिरतात आणि कुत्र्यामागचे स्वतः उचलतात. आपल्याकडे साखळी धरलेला माणूस त्या क्षणी नेमका आकाशाकडे का पाहू लागतो, हे कोडे मला मेहरूण तलावाच्या काठी रोज पडते.

मेहरूणचा विषय निघालाच आहे तर त्या काठावर ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल बोलले पाहिजे. पहाटे तलावाभोवती निम्मे जळगाव फिरायला लोटते. पुढून एखादा जर्मन शेफर्ड साखळी ताणत येतो, समोरून येणाऱ्या बाई पदर आवरून आणि काठी पुढे धरून जागीच थांबतात, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाचे गृहस्थ हसत म्हणतात, "काही करत नाही हो तो!" हे वाक्य म्हणणारा स्वतः त्या कुत्र्याला कधीही परका नव्हता, म्हणून त्याच्या या प्रशस्तिपत्राला परक्याच्या दृष्टीने शून्य किंमत आहे. शिवाय घाबरणाऱ्याची भीती खोटी ठरवून मोकळे होण्याची जी घाई त्या वाक्यात असते, ती मला कुत्र्याच्या भुंकण्यापेक्षा जास्त खटकते. ज्यांचे बालपण १९९० च्या आधी गेले त्यांच्या मनात कुत्रा म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने हे समीकरण पक्के आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली, आताची दंडात टोचतात, पण भीती लसीबरोबर बदलत नाही. आणि ती निराधारही नाही. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. पाळलेला, लस टोचलेला कुत्रा वेगळा आणि भटका वेगळा हे मला मान्य आहे, परंतु अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्याला थांबवून त्याचे लसीचे कार्ड कोणी पाहत नाही.

मग कुत्र्याला घरीच ठेवावे का? इतक्या सहज मी तसे म्हणणार नाही. डिस्क गोल्फची बहुतेक मैदाने सार्वजनिक बागांत, फुकट वापरायला असतात, आणि टोपल्या येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे लोक कुत्री फिरवत आले आहेत. मागाहून आलेल्याने आधीच्याला हुसकावणे योग्य नव्हे. आपल्याकडेही एकाच मैदानावर सकाळी क्रिकेट, दुपारी म्हशी आणि संध्याकाळी पुढाऱ्याची सभा असते आणि कोणाचे अडत नाही. भांडण पेटते ते एकाने मैदान स्वतःचे समजल्यावर. दिल्लीच्या त्यागराज क्रीडासंकुलातून खेळाडूंना संध्याकाळी लवकर बाहेर काढतात आणि मग तिथे एक सनदी अधिकारी कुत्रा फिरवतात, अशी बातमी मे २०२२ मध्ये छापून आली आणि त्या अधिकाऱ्यांची बदली थेट लडाखला झाली. कुत्र्याने स्वतः त्या मैदानाची मागणी केली असेल असे मला वाटत नाही.

कुत्र्याने मागितलेले नसते, ही गोष्ट उन्हाच्या बाबतीतही खरी आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि तरीही जळगावात लोक सायबेरियन हस्की पाळतात, ज्याच्याविषयी अधिक काही न बोललेले बरे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याचा सगळा भार धापा टाकण्यावर असतो. दोन-अडीच तासांचा एक डाव उन्हात चालणे म्हणजे त्याच्यासाठी सहल नसते. तो येतो तो तुम्ही निघालात म्हणून.

माझे मत बनले ते मात्र साक्रीच्या रस्त्यावर. पावसाळा सरला की ठेलारी आपली मेंढरे घेऊन निघतात, आणि त्या कळपाबरोबर दोन-तीन कुत्री चालत असतात. त्यांच्या गळ्यात साखळी नसते. शेजारून एसटी जाते, ट्रक जातात, माणसे जातात, पण ती कोणाकडे ढुंकून पाहत नाहीत, कारण त्यांना काम आहे आणि ते काम काय याची त्यांना पूर्ण कल्पना आहे. कुत्र्याचा उपद्रव सुरू होतो तो त्याला कुठेतरी नेऊन काहीही काम न देता उभे केल्यावर. मग तो आपले काम आपण शोधतो, आणि डिस्क गोल्फच्या मैदानावर ते त्याच्या डोळ्यांसमोर उडतच असते. झाडाला बांधावे तर तो नेमका शेवटच्या फेकीच्या वेळी गळा काढतो. साखळी हातात धरावी तर फेकणाऱ्याचा उजवा हात आणि सगळे चित्त तबकडीत गुंतलेले असते.

म्हणून मी भाच्याला असे सांगितले की लाडूला अवश्य ने, परंतु त्याच्याबरोबर खेळात नसलेला एक माणूस ने, ज्याचे काम लाडू हेच असेल. साखळी आखूड ठेव, पिशवी विसरू नकोस, ऊन चढण्याआधी परत ये, आणि तुमच्या पुढे-मागे खेळणाऱ्यांपैकी कोणी थबकला तर "काही करत नाही" असे न म्हणता बाजूला होऊन त्याला वाट दे. एकट्याने जायचे असेल तर लाडू किंवा तबकड्या, दोहोंपैकी एकच गाडीत घाल. त्यावर त्याने थोडा विचार करून सांगितले की त्याच्या बायकोला या खेळाचा मनस्वी कंटाळा आहे, मात्र लाडूला घेऊन ती कितीही चालायला तयार असते. तसे असेल तर येत्या रविवारी तिला विचार, असे मी म्हटले, आणि तिने अठरा टोपल्यांपैकी नवव्या टोपलीवरूनच लाडूला घेऊन परत जायचे ठरवले, तर वाद घालू नकोस.