बीजिंग ते शीआन: मधे शिजियाझुआंगला नक्की उतरा

बीजिंग, शिजियाझुआंग, शीआन हा आठ दिवसांचा मार्ग पहिल्या चीनभेटीला उत्तम. पण निम्मी तयारी घरूनच करून निघायला हवी, कारण तिथे सगळं पासपोर्ट आणि मोबाईलवर चालतं.

व्हिसा आधी काढावाच लागतो. २४० तास व्हिसाशिवाय राहण्याची सवलत अनेक देशांच्या नागरिकांना आहे, भारतीयांना नाही. परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहून तिकीट काढू नका.

अलीपे आणि वीचॅट ही मोबाईलवरून पैसे देण्याची ॲप्स, दोन्ही भारतातच सुरू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिथे पोचल्यावर तो नंबर बंद असला की सगळं अडतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्याहून मोठ्याला ३ टक्के. आपली कार्डं कधीकधी नाकारली जातात, म्हणून दोन वेगळ्या बँकांची ठेवा. शिवाय हजारेक युआन रोख, त्यातही १० आणि २० च्या नोटा, कारण दुकानात सुट्टे नसतात. गुगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. नकाशासाठी अमॅप घ्या.

बीजिंगच्या राजवाड्याची, म्हणजे फॉरबिडन सिटीची, तिकिटं ७ दिवस आधी, तिथल्या रात्री ८ वाजता खुली होतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. दारात तिकीट मिळत नाही आणि सोमवारी बंद. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव गाळलं तर नाव जुळत नाही. आपल्या तीनपदरी नावांची हीच नेहमीची अडचण, रेल्वेतही हीच. तिआनआनमेन चौकासाठी वेगळं, मोफत आरक्षण लागतं. राजवाड्यात दक्षिणेकडून शिरतात, उत्तरेला बाहेर पडतात. समोरच्या जिंगशान टेकडीवर लगेच चढा, तिथून पिवळ्या कौलांचा अख्खा पसारा दिसतो.

रेल्वेची तिकिटं १२३०६ ॲपवर १५ दिवस आधी मिळतात. पासपोर्ट हेच तिकीट. स्टेशनचं नाव नीट वाचा: शी म्हणजे पश्चिम, नान म्हणजे दक्षिण. शिजियाझुआंगची गाडी बहुधा बीजिंग शीहून सुटते, आणि बीजिंग नानला गेलात तर गाडी चुकलीच समजा. फाटक गाडी सुटण्याआधीच बंद होतं आणि सामान तपासायला रांग असते, तेव्हा तासभर आधी पोचा. फळं कापायची सुरी काढून घेतात.

शिजियाझुआंग सव्वा-दीड तासावर. बहुतेक पर्यटक इथे उतरत नाहीत. मराठी माणसाने मात्र उतरावंच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जखमी चिनी सैनिकांवर उपचार करायला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांची समाधी इथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, तिथेच कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही. टॅक्सीवाल्याला ‘ख दीह्वा’ हे कोटणीसांचं चिनी नाव चिनी अक्षरांत दाखवा. वाहायला पांढरी किंवा पिवळी शेवंती घ्या. तीच शेवंती चिनी यजमानाला मात्र कधी देऊ नका, ती मृतांना वाहतात. भातात उभ्या खोचलेल्या जेवणाच्या काड्याही (चॉपस्टिक्स) तशाच अशुभ, मृतांपुढच्या उदबत्त्यांसारख्या.

शाकाहारींनी ‘वो छी सू’ (मी शाकाहारी) एवढ्यावर थांबू नये. नुसतं ‘रोऊ (मांस) नको’ म्हटलं तर डुकराचं मांस वगळतात, पण चरबी, कोळंबी किंवा चिकनचं पाणी राहतं. हे सगळं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा. मापो टोफूत खिमा असतो. ‘दी सान शिएन’ म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची मागवा. किंवा व्हिनेगरमधला ‘तुदोऊ-स’: काडीसारखा बारीक चिरलेला बटाटा, जेमतेम शिजवलेला, चावताना कुरकुरतो. तो कच्चा राहिला म्हणून परत पाठवू नका. टिप देत नाहीत. स्टेशनवर उकळतं पाणी फुकट मिळतं, थर्मास न्या. टिश्यू कायम खिशात.

शीआनला मातीच्या सैन्यासाठी, म्हणजे प्राचीन सम्राटाच्या थडग्याजवळ खड्ड्यांत पुरलेल्या सैनिकांच्या पुतळ्यांसाठी (टेराकोटा आर्मी), मेट्रो ९ ने ह्वाछिंगछी, पुढे बस. तिकीट आधीच, पासपोर्टवर. क्रमांक १ चा खड्डा सकाळीच बघा, दुपारी कठड्यापर्यंत पोचणं कठीण. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये बांधलेला दायान मनोरा शहरातच आहे. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्र पाहून त्याचं वर्णन लिहिणारा हाच तो भिक्षू. १ ऑक्टोबरचा आठवडा आणि चिनी नववर्ष टाळा, तेव्हा ना गाडीत जागा, ना खड्ड्याच्या कठड्याशी.