हरळीच्या पातीतलं क्रोमियम

चामडं कमावण्याच्या एका बंद कारखान्याच्या आवारातली हरळी आम्ही तपासली. आकडे आले: मातीत क्रोमियम ९०० पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम), मुळांत २१०, पातीत १४. मुळांचा आकडा पटला, पातीचा पटेना. कमावणीत वापरतात ते त्रिसंयुजी क्रोमियम मुळांतच अडकून बसतं, वर फार थोडं चढतं. पातीत ते एकदोन पीपीएमच्या पुढे गेलं की मी आधी नमुन्याची हाताळणी तपासतो.

पहिला संशय धुळीचा. फ्रीजमध्ये राखलेल्या ओल्या पातीचे दोन वाटे केले. एक तसाच ठेवला. दुसरा नळाखाली धुऊन डिस्टिल्ड वॉटरच्या तीन पाण्यांतून काढला. हरळी जमिनीला धरून पसरते, पेरापेराशी माती धरते. पात खोडाला वेढून बसते तिथं ती बोटानं उलगडावी लागते, नाहीतर आत माती राहतेच. पहिल्या पाण्याच्या तळाशी करडा गाळ बसला. ६५ अंशांवर दोन दिवस वाळवून, दळून मोजलं: न धुतलेल्यात पुन्हा १४, धुतलेल्यात ९. म्हणजे ५ पीपीएम निव्वळ धूळ.

पण ९ सुद्धा जास्तच. तेव्हा शेजारच्या रकान्यातलं निकेल दिसलं: ४. कमावणीत निकेलचं काही काम नसतं. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये मात्र क्रोमियम साधारण १८ टक्के, निकेल ८. दोनास एकच्या थोडं वर. आमच्या ग्राइंडरचं भांडं आणि ब्लेड त्याच स्टीलचं.

मग स्वच्छ मातीच्या कुंडीतली हरळी त्याच ग्राइंडरमध्ये दळली. क्रोमियम ८, निकेल ४! तीच हरळी अगेट या कठीण दगडाच्या खलात कुटली तर क्रोमियम १ च्या खाली. गवतात सिलिका भरपूर असते. ती ब्लेड घासते आणि स्टीलचा कीस पुडीत उतरतो. आवारातली धुतलेली पात खलात कुटून पुन्हा मोजली: १.२.

हे आधी का सापडलं नाही, ते महत्त्वाचं. आमचा ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवाय केलेली कोरी चाचणी, पूड विरघळवायचं आम्ल ओतण्यापासून सुरू होत होता, आणि प्रमाणित संदर्भ-नमुना, म्हणजे पडताळ्यासाठी विकत मिळणारा ज्ञात आकड्याचा नमुना, दळलेलाच येतो. दोघांनाही ग्राइंडर कधी लागलाच नव्हता. आता प्रत्येक तुकडीत कुंडीतलं स्वच्छ गवत कापणीपासून सगळ्या टप्प्यांतून जातं. मुळांची मात्र अजून धास्ती आहे: केसांएवढ्या मुळांना चिकटलेली माती कितीही धुतली तरी सगळी निघत नाही, म्हणून २१० मधला काही भाग मातीचा धरूनच मी तो आकडा वाचतो.

या १४ आणि १.२ वर मोठा निर्णय अडला होता: गवत कापून नेत जमीन साफ करायची का? हेक्टरी वर्षाला १० टन वाळलं गवत धरलं तर १४ पीपीएमनं निघतं १४० ग्रॅम, १.२ नं १२ ग्रॅम. वरच्या १५ सेंटीमीटर मातीत मात्र हेक्टरी जवळजवळ १,९०० किलो क्रोमियम पडलंय. कापणीचा बेत तिथंच सोडला. हरळी दाट वाढू द्यायची, माती उडू आणि वाहू द्यायची नाही, एवढंच काम तिच्याकडून घ्यायचं ठरलं. आणि आवाराला तारेचं कुंपण. कारण आखूड गवत चरताना गुरांच्या पोटात पातीपेक्षा मातीतूनच जास्त क्रोमियम जातं.