सान गाल्गानो: छप्पर विकलेलं चर्च

“छप्पर कुठं गेलं?” आत शिरताच आईने विचारलं. खरं उत्तर असं, की विकलं.

इटलीतल्या सिएना शहराच्या नैर्ऋत्येला साधारण 35 किलोमीटरवर, किउझदीनो गावाजवळच्या शेतांत हे सिस्टर्शियन मठाचं, म्हणजे साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या एका पंथाचं, चर्च उभं आहे. बांधकाम तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं, तोस्काना प्रांतातल्या अगदी पहिल्या गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या) इमारतींपैकी. इथले साधू हिशेबाला इतके पक्के, की सिएना शहराचा खजिना त्यांच्या हाती असे. पुढे 1348 ची प्लेग आली, भाडोत्री सैन्यांनी लूट केली आणि मठ ओस पडत गेला. सोळाव्या शतकात एका नामधारी मठाधिपतीने छपरावरचं शिसंच विकून टाकलं. मग पाणी मुरलं, कमानी ढासळल्या. 1786 मध्ये घंटेचा मनोरा कोसळला आणि 1789 मध्ये चर्चचं पावित्र्य विधिवत काढून घेतलं गेलं. “म्हणजे आपल्याकडे वाड्याचं सागवान विकतात, तसंच की!” आई म्हणाली. अगदी तसंच.

1924 च्या सुमाराच्या दुरुस्तीत छप्पर पुन्हा घातलं नाही, हे फार बरं केलं. त्यामुळे इमारतीचा सांगाडा उघडा वाचता येतो: खांबांच्या दोन रांगा, त्यांवर टोकदार कमानी, पूर्वेच्या भिंतीत दोन ओळींत तीन-तीन उंच खिडक्या आणि पायाखाली फरशीऐवजी माती. सिस्टर्शियनांना नक्षीचं वावडं, म्हणून सगळी भिस्त प्रमाणावर आणि उजेडावर.

आम्ही ऐन जुलैत भर दुपारी पोचलो, ही चूक तुम्ही करू नका. सावली फक्त भिंतीच्या कडेला, तीही वीतभर. सकाळी लवकर या किंवा उन्हं कलल्यावर. बस फार थोड्या, तेव्हा भाड्याची गाडी बरी. मात्र सिएनाच्या जुन्या भागात ती घालू नका, परवान्याशिवाय तिथे शिरलं की कॅमेरा टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो.

परत फिरण्याआधी शेजारच्या टेकडीवरचं मोंतेसिएपीचं गोल देऊळ चुकवू नका. चढ दहा-एक मिनिटांचा. ज्याच्या नावाचा हा मठ, त्या 1181 मध्ये वारलेल्या संत गाल्गानोने खडकात खुपसली म्हणतात ती तलवार तिथे पारदर्शक झाकणाखाली आहे. गर्दी सगळी तिच्याभोवती. तुम्ही मान वर करा: पांढरा दगड आणि लाल वीट यांची एकाआड एक वर्तुळं घुमटाच्या टोकापर्यंत आत-आत जातात. बाजूच्या खोलीत सिएनाचा चौदाव्या शतकातला चित्रकार आंब्रोजो लोरेन्झेत्ती याची झिजलेली भित्तिचित्रं आहेत. इथे अजून प्रार्थना होते, खांदे झाका.