मागून पाहावा असा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर पाहायचा तर मागून पाहावा. पुढची बाजू वरातीतल्या नवरदेवासारखी नटलेली: रंग, हेडलाइट, कंपनीचं नाव, झालंच तर लिंबू-मिरची. खरी अक्कल मागच्या दोन चाकांच्या मध्ये असते. खाली दोन दांडे, वर मधोमध तिसरा, त्याचं नाव टॉप लिंक. नांगर असो की रोटाव्हेटर, या तिघांच्या हवाली केला की झालं. हा त्रिकोण इंग्लंडच्या शेताशेतात रुजवला तो फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरने. अंगाने बुटका, रंगाने राखाडी. तिकडचे लोक अजूनही त्याला लाडाने 'लिट्ल ग्रे फर्गी' म्हणतात.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. शेतात राबायचा कंटाळा, यंत्रांचा भारी नाद. १९०९च्या शेवटच्या दिवशी त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवून दाखवलं. पहिल्या महायुद्धात ट्रॅक्टरची नांगरट सुधारायचं सरकारी काम अंगावर आलं, तेव्हा त्याला खरी मेख कळली. नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा. फाळ दगडात अडकला की नांगर जागचा हलत नसे, चाकं मात्र रेटत राहत, आणि ट्रॅक्टर पुढून उचलून चालवणाऱ्याच्याच अंगावर उलटे. माणसं मरत.

यावर ट्रॅक्टर आणखी जड करणं हा सोपा मार्ग. पण जड ट्रॅक्टर जमीन चेपतो. फर्ग्युसनने नांगरच ट्रॅक्टरला जखडला. फाळावर ताण आला की टॉप लिंक पुढे रेटते, पुढची चाकं जमीन सोडत नाहीत. त्याच रेट्याने हायड्रॉलिकला, म्हणजे तेलाच्या दाबावर नांगर उचलणाऱ्या यंत्रणेला, इशारा मिळतो, नांगर किंचित वर येतो आणि त्याचा भार मागच्या चाकांवर पडून पकड वाढते. मला तर ही युक्ती विमानाहून मोठी वाटते.

टीई-२० बनला कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात, जिथे दुसऱ्या महायुद्धात विमानांची इंजिनं तयार होत. १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तिथून बाहेर पडले. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. वेगळं स्टार्टर बटण नाही; गिअरचीच दांडी 'एस'वर सारायची, की इंजिन सुरू. म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकूनही सुरू होणार नाही. एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरींनी असेच फर्गी, चाकांवर पट्टे चढवून, जानेवारी १९५८मध्ये थेट दक्षिण ध्रुवावर नेले!

गंमत अशी, की जोडणीचा हा उस्ताद माणसांशी काही जोडून राहिला नाही. हेन्री फोर्डशी १९३८मध्ये नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, कागद नाही. फोर्डच्या नातवाने तो मोडला. मग कोर्टकचेरी, आणि १९५२मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड. पुढच्याच वर्षी मॅसी-हॅरिस या ट्रॅक्टर कंपनीशी घरोबा केला. तिथे दहा लाख डॉलरवर घोडं अडलं, तर गड्याने नाणं उडवायचं ठरवलं आणि हरला. १९५४मध्ये तेही घर सोडलं. अशा माणसाला भागीदार म्हणून घेणं म्हणजे शांत झोपेला रामराम.

तो १९६०मध्ये वारला. त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली आणि त्या घरोब्यातून नाव मिळालेला मॅसी फर्ग्युसन आपल्या शेतात आला. त्याचं १०३५ हे मॉडेल तर गावोगाव दिसतं. आज नांगर एका कंपनीचा आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा, तरी बिनबोभाट जमतं. बिनबोभाट म्हणजे तसं कागदावर. प्रत्यक्षात ट्रॅक्टर मागे घेतला की एका बाजूची पिन बसते, दुसरी हटकून चार बोटं लांब राहते. मग 'थोडा मागं... थांब, थांब... पुढं घे!' असा ओरडा, पहारेने रेटारेटी आणि नांगर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. एवढं काम फर्ग्युसनसाहेब आपल्यावर सोडून गेले.